ट्रॉम्बोनचा तास आणि पाच एपी

पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलंय, गावाचं नाव काढलंय; एपी म्हणजे हायस्कुलातच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, जीपीए म्हणजे सगळ्या ग्रेडांची सरासरी):

"आम्ही मूळचे सांगलीचे, आता मध्य न्यू जर्सीत. शाळा चांगली म्हणून मुद्दाम या गावात घर घेतलं, ऐपतीपेक्षा जरा ताणूनच. घराचा टॅक्स वर्षाला तेरा हजार डॉलर. ग्रीन कार्ड आलंय, नागरिकत्व अजून नाही. थोरली लेक इथल्या पब्लिक हायस्कुलात दहावीला आहे. 'अभ्यासाला बस' असं तिला कधी सांगावं लागलं नाही. अकरावीचे विषय निवडायचा फॉर्म फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत द्यायचा आहे आणि त्यावरून घरात रोज खटके उडताहेत. ह्यांचं म्हणणं, पाच एपी घ्यायच्याच: कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री, अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजी. तिला दोनच हव्यात, इंग्रजी आणि बायॉलॉजी. शिवाय शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणं सोडायचं नाही म्हणते. बँडला टाइमटेबलमध्ये रोजचा एक तास जातो. ऐकलंय की त्याने जीपीएही खाली येतो. ऑगस्टमध्ये बँड कॅम्प, मग नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच, शनिवारी स्पर्धा. हे म्हणतात, 'आपण घर शाळेसाठी घेतलं की बाजा वाजवण्यासाठी?'

ती रात्री एकला झोपते, सहाला उठते. थँक्सगिव्हिंगनंतर रविवारी संध्याकाळी रडायला लागली आहे. काय झालं विचारलं तर 'काही नाही'. डिसेंबरपासून शनिवार-रविवार गणिताचा क्लास लावलाय, तिथे जाताना गाडीत एक शब्द बोलत नाही. काउन्सेलरला भेटावं असं वाटतं, पण ते रेकॉर्डवर आलं तर? शाळेत मी कोणाला ओळखत नाही. पीटीएसएच्या (पालक-शिक्षक-विद्यार्थी संघटनेच्या) मीटिंगला एकदा गेले, मागे बसले, परत आले. सगळी माहिती आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मिळते. मंडळाच्या गणपतीत लोक आधी विचारतात 'किती एपी?' आणि मग मुलीचं नाव. बँड बंद करावा का? ह्यांना काय सांगू?
– एक आई"

ताई,

बँड बंद करू नका. फॉर्मवर तिला हव्यात त्या दोन एपी लिहू द्या. तिला स्वतःला तिसरी घ्यावीशी वाटली तर तीन. माझं मत हे असं आहे, आणि ते कुठून आलं ते सांगतेच. पण त्याआधी तुमच्याच पत्रातल्या तारखा एकदा ओळीने लावून बघा. मार्चिंग बँडचा हंगाम नोव्हेंबरात संपतो. रडणं थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबर सरताना, सुरू झालं. म्हणजे मुलीला बँड झेपत नाही असा निष्कर्ष काढायला तुमच्या पत्रात काही आधार नाही. बँडचे शनिवार संपले, त्यांच्या जागी गणिताचा क्लास आला आणि मुलगी कोमेजली, एवढंच मला त्यात दिसतंय. तेव्हा काही बंद करायचंच असेल तर तो क्लास बंद करा, या महिन्यातच. पैसे भरले असतील तर गेले म्हणा.

आता रविवारची संध्याकाळ. विषयांची निवड त्यानंतर. आठवड्यामागून आठवडे रडणं, पाच तासांची झोप, विचारल्यावर 'काही नाही' ही उत्तरं 'वयच तसं आहे' म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं इथले झोपतज्ज्ञ सांगतात. तुमच्या लेकीला त्याच्या निम्मी मिळतेय, आणि निम्म्या झोपेवर मोठी माणसंसुद्धा रडतात. तिच्या पेडियाट्रिशियनची वेळ घ्या आणि डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. इथे या वयाच्या मुलांना डॉक्टर सहसा थोडा वेळ एकट्याने भेटतात, त्यात वावगं वाटून घेऊ नका. तुम्हीही तिला सरळ विचारा: "कधी जगू नये असं वाटतं का?" हा प्रश्न तोंडातून निघताना आईचा जीव कसा होतो हे मला माहीत आहे. पण विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' किंवा 'कधीकधी' आलं, तर डॉक्टरांच्या तारखेची वाट बघत बसू नका. ९८८ या नंबरावर चोवीस तास माणूस भेटतो, फोनवरही आणि मेसेजवरही.

काउन्सेलरला भेटल्याने 'रेकॉर्डवर' काय येईल? कॉलेजला शाळेकडून जो ट्रान्स्क्रिप्ट जातो त्यात विषय, ग्रेड आणि क्रेडिट असतात. मूल काउन्सेलरच्या खोलीत किती वेळा गेलं, रडलं की हसलं, यासाठी त्यात रकानाच नसतो. १९७४ च्या फेर्पा कायद्याने मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याचं शैक्षणिक रेकॉर्ड पाहायचा हक्क पालकांना आहे. तुम्ही लेखी अर्ज करून ते बघू शकता, आणि मन शांत होणार असेल तर बघाच. उद्या डॉक्टरांना एखादं निदान करावं लागलं, तर १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या ५०४ कलमाखाली शाळेला तिला सवलती द्याव्या लागू शकतात, उदाहरणार्थ परीक्षेला जादा वेळ. तेही ट्रान्स्क्रिप्टवर छापून जात नाही, आणि प्रवेशाआधी अशा गोष्टींची चौकशी करायला कॉलेजांना याच कायद्याने मनाई आहे. आपल्या ग्रुपवर 'काउन्सेलरकडे गेलं की शिक्का बसतो' हे जे फिरतं, ते गावाकडच्या धाकातून आलेलं आहे. इथल्या कायद्यात त्याला जागा नाही.

मात्र काउन्सेलर आपणहून तुमच्या दारात येईल ही आशा ठेवू नका. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे अडीचशे विद्यार्थी अशी आहे, आणि देशाची प्रत्यक्ष सरासरी पावणेचारशेच्या आसपास. त्यात जी मुलगी ए ग्रेड आणते, कोणाशी भांडत नाही, तास बुडवत नाही, ती कोणाच्याच नजरेत येत नाही. तुमची लेक नेमकी तशी आहे. तिच्यासाठी दार तुम्हालाच वाजवावं लागेल.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. पत्र वाचून त्यांच्यावर रागवायचा मोह झाला, पण तो टिकला नाही. सांगलीत ज्याने बारावी केली त्याला एक गोष्ट हाडीमाशी भिनवून दिलेली असते: एक परीक्षा, एक टक्केवारी, एक यादी. तुमचं नाव यादीत वर असलं तर वालचंद, खाली असलं तर दुसरं काहीतरी. तिथे गणितात दोन मार्क गेले तर ते कायमचे गेले. बासरी वाजवता का, कोणाला कधी मदत केली का, हे कोणी विचारत नव्हतं. त्या हिशोबावर हा माणूस न्यू जर्सीत घर घेण्यापर्यंत आला. त्याने तो हिशोब खोटा का मानावा? त्यातून लेक 'दहावीला' आहे! दहावी म्हटलं की मराठी बापाच्या पोटात गोळा येतोच. इथल्या दहावीला बोर्डाची परीक्षा नाही, पेपरात फोटो नाही, पेढे नाहीत, हे बुद्धीला कळतं, पोटाला कळत नाही.

तेव्हा त्यांना 'तुम्ही मुलीवर दबाव आणताय' असं सांगायला जाऊ नका. त्याने फक्त भांडण होईल. इथला हिशोब कसा चालतो ते आकड्यांत दाखवा. ते इंजिनियर असावेत असा माझा अंदाज आहे, आकडे ऐकतील.

जीपीएचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, आणि त्यातच गंमत आहे. पुष्कळ शाळांत वजनदार जीपीए काढताना एपीतल्या ए ला ५ आणि साध्या विषयातल्या ए ला ४ धरतात. समजा तुमच्या लेकीने पाच एपी घेतल्या, सोबत शारीरिक शिक्षण आणि बँड, आणि सातही विषयांत ए आणला. बेरीज ३३, भागिले सात, म्हणजे ४.७१. आता तिने बँड सोडला आणि त्या तासाला नुसती लायब्ररीत बसली. बेरीज २९, भागिले सहा, म्हणजे ४.८३. वाद्य उत्तम वाजवून मुलगी खाली आली आणि काहीच न करून वर गेली! या एका भागाकारापायी सनई-ट्रॉम्बोन-चित्रकला सोडलेली हुशार मुलं जवळपास प्रत्येक उपनगरात सापडतील.

पण या भागाकाराला प्रवेश अधिकारी भुलत नाहीत. ट्रान्स्क्रिप्टबरोबर काउन्सेलर 'स्कूल प्रोफाइल' नावाचा एक कागद पाठवतो. शाळेत कोणते विषय मिळतात, वजन कसं देतात, ग्रेडा साधारण कशा पडतात, हे सगळं त्यात असतं. अनेक कॉलेजं शाळेचा जीपीए बाजूला ठेवून आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात. मुलीने तिच्या शाळेत जे उपलब्ध होतं त्यातून काय निवडलं आणि ते कसं निभावलं, हे बघितलं जातं. म्हणजे कठीण विषय घेतल्याला किंमत आहे, ते मी नाकारत नाही. तुमच्या मिस्टरांचा निम्मा मुद्दा बरोबर आहे: उद्या तिला इंजिनियरिंगला जायचं असेल तर गणित आणि फिजिक्स टाळून चालणार नाही. पण तिने तर बायॉलॉजी मागितलंय. तिला पुढे काय करायचंय हे तुमच्या घरात कोणी विचारलंय का? पत्रात तिच्या मनातलं एकच वाक्य आहे, 'काही नाही'.

मे महिन्यात पाच एपी परीक्षा दोन आठवड्यांत देणं म्हणजे काय, हेही त्यांना कॅलेंडरवर दाखवा. दर पेपरची फी शंभर डॉलरच्या आसपास, ती गौण. त्याच दिवसांत शाळेचा अभ्यास, सबमिशन, आणि अकरावी म्हणजे एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचंही वर्ष.

तुमच्या घरातली ही भांडणं तुमच्याच घरातली आहेत असं वाटत असेल, तर दहा वर्षांपूर्वी तुमच्याच भागात काय झालं ते ऐका. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो हा प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या आसपासचा शाळांचा डिस्ट्रिक्ट. न्यूयॉर्कला रोज गाडीने जाणारे, औषध कंपन्यांत काम करणारे, प्रिन्स्टनच्या सावलीतले लोक. विद्यार्थ्यांत सुमारे पासष्ट टक्के आशियाई, म्हणजे बहुतांशी आपण आणि चिनी. २०१५ च्या शरद ऋतूत तिथले सुपरिटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आधीच्या शालेय वर्षात मिडल आणि हायस्कुलातली १२० मुलं मानसिक तपासणीसाठी पाठवावी लागली होती आणि चाळीस मुलं रुग्णालयात दाखल झाली होती. एका चांगल्या, नावाजलेल्या, घरांच्या किमती वाढवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये.

त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ द्यायचा नाही असं ठरवलं, आणि चौथीपासून मुलांना निवडून काढणारा वेगवान गणिताचा वर्ग पुढच्या इयत्तांवर ढकलला. झालं! शाळा बोर्डाच्या मीटिंगा भरून वाहू लागल्या. पालकांची उभी फूट पडली आणि ती फूट बरीचशी वंशाच्या रेषेवर होती: गोरे पालक साधारणपणे बदलांच्या बाजूने, आशियाई पालक बरेचसे विरोधात. 'आमच्या मुलांच्या मेहनतीची किंमत कमी करताय' असा सूर. न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत बातमी गेली. आपल्या लोकांचा राग मला समजतो. ज्यांच्या मागे ओळखीपाळखी नाहीत, आजोबांचं कॉलेज नाही, त्यांना परीक्षा हा एकच प्रामाणिक रस्ता वाटतो, आणि तोच कोणी बंद करतंय असं दिसलं की माणूस चवताळणारच. पण त्या चाळीस मुलांच्या घरची माणसंही त्याच गावात राहत होती. त्या मीटिंगांत ती कुठल्या रांगेत बसली असतील, हा विचार मला सोडत नाही.

याच बदलांमध्ये एक कलम तुमच्या लेकीच्या कामाचं होतं. 'राइट टू स्क्वीक' असं त्याचं नाव, वाद्यातून किंचाळ काढायचा हक्क म्हणा हवं तर. ज्यांना वाद्य उत्तम वाजवता येत नाही अशांनाही संगीताच्या कार्यक्रमात सहज भाग घेता यावा, यासाठी. मला ते परीक्षा रद्द करण्यापेक्षाही धाडसाचं वाटलं. जिथे प्रत्येक गोष्ट पहिलं येण्यासाठी करायची असते, तिथे शाळेने अधिकृतपणे सांगायचं की बेसूर वाजवलंस तरी चालेल, ये!

आणि हे केवळ एका सुपरिटेंडंटचं मत नव्हतं. सुनिया लुथार या दिल्लीत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञ, २०२३ साली त्या गेल्या. शहरातल्या गरीब वस्तीतल्या मुलांवर संशोधन करताना त्यांनी तुलनेसाठी सुखवस्तू उपनगरातली मुलं घेतली. अपेक्षा अशी की ही मुलं ठीक असतील. निघालं उलटं: नशापाणी आणि चिंता उपनगरातल्या मुलांत जास्त. १९९९ पासून त्या हेच दाखवत राहिल्या. २०१८ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या एका अहवालात किशोरांच्या मनाला घातक परिस्थितींमध्ये गरिबी, आघात आणि भेदभावाच्या पंगतीत 'यशासाठी अतोनात दबाव' हीही गोष्ट बसवली. या फाउंडेशनचं मुख्यालय प्रिन्स्टनलाच आहे. त्यांना लांब कुठे जाऊन बघायची गरज पडली नसावी.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य एपीचं नाहीच. 'शाळेत मी कोणाला ओळखत नाही' हे आहे. ज्या शाळेसाठी घर घेतलं त्या शाळेत तुम्ही दोघं पाऊल ठेवत नाही. तुमच्या तेरा हजारांतले निम्म्याहून जास्त शाळेकडे जातात, न्यू जर्सीत सगळीकडे साधारण तसंच आहे. (राज्याची सरासरीच २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेली, तेव्हा तुम्ही एकट्या भरडल्या जात नाही.) या राज्यात गावं ५६४ आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट जवळपास सहाशे. प्रत्येकाला आपलं बोर्ड, आपलं बजेट, आपली भांडणं. उधळपट्टी आहे ही, आणि त्यावर दर निवडणुकीत ओरड होते. पण त्यामुळेच शाळा हाताच्या अंतरावर आहे. बोर्डाचे सदस्य बिनपगारी असतात. त्यातला कोणीतरी तुम्हाला शॉपराइटमध्ये कोथिंबिरीच्या जुडीपाशी भेटेल.

नागरिकत्व नाही म्हणून मत देता येत नाही, हे खरं. पण मीटिंगला जाऊन बोलायला नागरिकत्व लागत नाही. मीटिंगा सर्वांना खुल्या ठेवायच्या हा १९७५ पासूनचा राज्याचा कायदा आहे आणि शाळा बोर्डाला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवावाच लागतो. नाव सांगायचं, गाव सांगायचं, दोन-तीन मिनिटं बोलायचं. मराठी उच्चाराचं इंग्रजी तिथे रोज ऐकतात. मध्य जर्सीतल्या काही डिस्ट्रिक्टमध्ये आज दिवाळीची सुट्टी आहे, ती कोणी आपणहून दिली नाही. माणसं उठून माइकपाशी गेली आणि मागितली. २०२२ मध्ये आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवणं राज्यात बंधनकारक झालं, तेही इलिनॉयनंतर दुसऱ्याच क्रमांकाने, आणि त्यामागेही मागणारी माणसं होती.

आपण जातो कधी, तर विरोध करायला. पुढच्या वेळी ग्रुपवर 'नव्या अपार्टमेंट्स नकोत, शाळेत गर्दी होईल' असा अर्ज आला तर सही करण्याआधी एवढं आठवा: राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ आणि १९८३ च्या माउंट लॉरेल निकालांमुळे न्यू जर्सीच्या प्रत्येक गावाला परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा आहे, आणि त्या अपार्टमेंटमध्ये जो येईल तो तुमच्यासारखाच शाळा बघून येईल. पंधरा वर्षांपूर्वी आपल्यातले बरेच जण अशाच अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत होते. असो, हे विषयांतर झालं, पण डोक्यात होतं.

पीटीएसएच्या मीटिंगला मागे बसून परत येणं अगदी समजू शकते. तिथल्या बायका पहिलीपासून एकमेकींना ओळखतात, त्यांचे विनोदही जुने. म्हणून तिथून सुरुवात करू नका. बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबपासून करा. तिथे गप्पा मारता येण्याची गरज नसते, हात लागतात. ट्रकमधून ढोल उतरवायला, गणवेशांच्या बाह्या वरखाली शिवायला, मॅचच्या वेळी कन्सेशन स्टँडवर हॉट चॉकलेट ओतायला. ज्या बाईला गणपतीत दीडशे माणसांची पानं वाढता येतात तिला कन्सेशन स्टँडची काय भीती? माझी मुलं अशाच एका पब्लिक हायस्कुलातून गेली. गावातली जी माणसं आज माझ्या अडीनडीला येतात, ती मला अशाच एका टेबलामागे भेटली. आम्ही कोणीच फुटबॉल बघत नव्हतो. नियम तर मला आजही कळत नाहीत. या भागात तो प्रश्न फक्त आपलाच नाही: २०१७ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो नॉर्थ या हायस्कुलाला खेळाडूच पुरेनात म्हणून व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, फुटबॉलचा हंगाम रद्द करावा लागला होता. बँडला मात्र पळता-धडकता येण्याची अट नाही.

आणि मिस्टरांनाही एकदा न्याच. या मोसमात मॅच नाही, पण वसंतात बँडची मुलं हॉलमध्ये बसून कॉन्सर्ट करतात, फुकट असते. साठ-सत्तर मुलं, सगळी जण एकमेकांकडे कान देऊन. त्यांच्या लेकीला तिथे दुसऱ्या रांगेत, मान डोलवताना बघू द्या. त्यांनी तिला गेल्या कित्येक महिन्यांत फक्त टेबलाशी आणि गाडीत बघितलंय. 'बाजा' हा शब्द त्यांनी त्यानंतर वापरला तर मला पुन्हा पत्र लिहा.

मंडळातल्या 'किती एपी?'ला माझ्या एका मैत्रिणीचं उत्तर वापरा: "ते तिलाच विचारा, पण आधी तिचं नाव विचारा." हसून म्हणायचं. पुन्हा कोणी विचारत नाही.

फॉर्मचं काय? तिघं एकत्र बसून भरा, पण पेन तिच्या हातात. मिस्टरांना बोलायचा पूर्ण हक्क द्या, शेवटची सही पालकांची असते हे तेही जाणतात. गणिताबद्दल त्यांची काळजी उरलीच, तर ऑनर्स प्रीकॅल्क्युलस हा मधला रस्ता काउन्सेलरला विचारून बघा. कॅल्क्युलस बारावीत घेता येतं, आणि खूप मुलं तसंच करतात. शिवाय बहुतेक शाळांत वर्ष सुरू झाल्यावर काही आठवडे विषय बदलायची मुदत असते. ती तारीख आत्ताच विचारून ठेवा. झेपेल वाटलं तर एपी वाढवता येईल की नाही आणि झेपली नाही तर सोडता येईल की नाही, हे कळलं की पाच आणि दोनच्या मधली भिंत बरीच खाली येते.

फेब्रुवारीच्या मध्याला मुदत म्हणता. त्या आठवड्यात काउन्सेलरची वेळ मिळणार नाही, सगळं गाव तेव्हाच जागं होतं. तेव्हा ईमेल आज रात्रीच पाठवा. लांब लिहू नका. मुलगी गेले काही आठवडे खूप थकलेली आणि उदास आहे, डॉक्टरांकडे नेतोय, अकरावीच्या विषयांबद्दल तिच्यासह बोलायचं आहे, पुढच्या दहा दिवसांत वेळ मिळेल का, एवढं पुरे. 'स्ट्रेस' हा शब्द एकटा टाकू नका, तो इथे सगळेच लिहितात आणि कोणी थांबत नाही. झोप किती तास आणि रडणं कधीपासून, ते लिहा. पाठवण्याआधी मजकूर लेकीला वाचायला द्या, तिला एखादं वाक्य नको असेल तर काढा, आणि तिला सीसीमध्ये ठेवा. मिस्टरांनाही.